चार टक्क्यांचा वाटा : सरकारी खरेदी आणि आदिवासी उद्योग



पाड्यांवरील कामासाठी आपण शिलाई यंत्रे देता, मुलींच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलता, बांबूकाम आणि वारली चित्रे शिकवणाऱ्या वर्गांना हातभार लावता. नाताळच्या आधी मंडळीच्या आवारात मेज मांडले जाते, आपण चार पिशव्या आणि दोन चित्रे घेता, आणि विक्री झाली म्हणून सर्वांना आनंद होतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये, पावसाळ्यात, शाळेच्या फीच्या वेळी त्याच बहिणींनी माल कोणाला विकायचा? शिकवलेल्या हातांना वर्षभर काम मिळाले नाही, तर ते हात पुन्हा घरकामाकडे आणि नाक्यावरच्या मजुरीकडे वळतात.

या अंकाच्या अभ्यासासाठी म्हणून एक असा विषय घेतला आहे, जो वरवर पाहता रुक्ष वाटेल. सरकार स्वतः फार मोठे गिऱ्हाईक आहे. रेल्वे, तेल कंपन्या, खत कारखाने, गोदी, केंद्राची कार्यालये यांना पिशव्यांपासून भेटवस्तूंपर्यंत आणि बागकामापासून जेवणाच्या डब्यांपर्यंत सर्व काही लागते. या खरेदीत अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींच्या उद्योगांसाठी कायद्याने वाटा ठेवलेला आहे. तो वाटा बहुतेक पाड्यांवर कोणाला ठाऊक नाही. आपल्यापैकी जे पाड्यांवर जातात, त्यांनी तो नीट समजून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कायदा काय सांगतो

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ साली झाला. त्याच्या ११व्या कलमाखाली केंद्र सरकारने मार्च २०१२ मध्ये सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला. १ एप्रिल २०१२ पासून तो लागू झाला आणि १ एप्रिल २०१५ पासून बंधनकारक ठरला. केंद्राची मंत्रालये, त्यांचे विभाग आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्या यांनी वर्षभरातल्या एकूण खरेदीपैकी ठरावीक भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असे हा आदेश सांगतो. सुरुवातीला हा भाग २० टक्के होता. २०१८ च्या दुरुस्तीने तो २५ टक्के झाला. या २५ टक्क्यांत ४ टक्के अनुसूचित जाती व जमातींच्या उद्योगांसाठी आणि ३ टक्के स्त्रियांच्या उद्योगांसाठी आहेत. मालकीण स्त्रीही असेल आणि आदिवासीही असेल, तर तिला दोन्ही तरतुदींचा आधार आहे.

आणखी चार सवलती लक्षात ठेवाव्यात. पहिली, निविदेचे कागद विनामूल्य मिळतात. दुसरी, बयाणा रक्कम भरावी लागत नाही. तिसरी, ३५८ वस्तू अशा आहेत की त्या फक्त सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्याव्या लागतात. त्यांत कापडी, कॅनव्हासच्या व तागाच्या पिशव्या, वेताच्या टोपल्या आणि झाडू यांसारख्या हाताने होणाऱ्या वस्तू आहेत. चौथी सवलत दराची आहे. तिचा हिशेब पुढे उदाहरण घेऊन पाहू.

आता या तरतुदीतली खरी मेख. आदिवासी उद्योगांनी निविदाच भरली नाही, किंवा भरली पण अटी व दर जुळले नाहीत, तर त्यांचे ४ टक्के इतर सूक्ष्म व लघु उद्योगांकडून भरून काढण्याची मुभा खरेदीदाराला आहे. म्हणजे ही राखीव जागा कोणाची वाट पाहत थांबत नाही. खरेदीचे आकडे केंद्राच्या ‘संबंध’ पोर्टलवर प्रसिद्ध होतात. त्यांत जाती-जमातींच्या उद्योगांचा वाटा वर्षानुवर्षे ४ टक्क्यांच्या खालीच राहिलेला दिसतो. कायद्याने ताट वाढले, पण जेवणारा पंगतीत बसलाच नाही, अशी ही अवस्था आहे.

आदिवासी उद्योग कोणाला म्हणावे

धोरणाची व्याख्या सोपी आहे. एका माणसाचा उद्योग असेल तर तो माणूस अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असावा. भागीदारी असेल तर अशा भागीदारांचा हिस्सा निदान ५१ टक्के असावा. खासगी कंपनी असेल तर अशा प्रवर्तकांकडे निदान ५१ टक्के भाग असावेत. दुसरी अट अशी की उद्योगाने माल स्वतः तयार केलेला असावा किंवा सेवा स्वतः दिलेली असावी. घाऊक बाजारातून वस्तू आणून तशाच पुढे विकणाऱ्या व्यापाऱ्याला या धोरणाचा लाभ नाही.

मुंबई उपनगरात आदिवासी कोण, हा प्रश्न आपल्या वाचकांना वेळोवेळी पडतो. गोरेगावच्या आरे वसाहतीतील पाडे आणि बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील पाडे इथे वारली, मल्हार कोळी, कोकणा आणि काही कातकरी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहतात. ‘कोळी’ या शब्दाने मात्र फसू नये. महादेव कोळी, मल्हार कोळी, टोकरे कोळी या अनुसूचित जमाती आहेत. समुद्रकाठच्या कोळीवाड्यांतील सोनकोळी त्या यादीत नाहीत. आपले ईस्ट इंडियन बांधवही अनुसूचित जमातीत येत नाहीत. त्यांच्यातील छोट्या उद्योजकांना २५ टक्क्यांचा सर्वसाधारण लाभ आहे, ४ टक्क्यांचा नाही.

आपल्या मंडळ्यांत वारंवार विचारला जाणारा दुसरा प्रश्न असा : आदिवासी माणूस ख्रिस्ती झाला तर त्याचा हक्क जातो का? अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. तो लाभ हिंदू, शीख व बौद्ध यांच्यापुरता आहे. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात मात्र अशी धर्माची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली केरळच्या एका खटल्यात हा मुद्दा तपासला. धर्म बदलला एवढ्याच कारणाने जमातीचा दर्जा आपोआप जात नाही, पण तो माणूस जमातीच्या चालीरीती पाळतो का आणि जमात त्याला आपला मानते का, हे पुराव्याने पाहावे लागेल, असे न्यायालयाने म्हटले. यातून आपण घ्यायचा धडा असा की विश्वासात आलेल्या आदिवासी कुटुंबाला त्याच्या जमातीपासून तोडणारा कोणताही सल्ला आपण देऊ नये. शाळेत मुलाचे नाव घालताना जातीच्या रकान्यात नुसते ‘ख्रिश्चन’ लिहिले गेले, तर पुढे तपासणीच्या वेळी त्याच कुटुंबाला अडचण होते. जमातीचे नाव लिहावे, धर्म धर्माच्या रकान्यात लिहावा.

कागदांचा क्रम

कागद गोळा करण्याचा क्रम चुकला की माणूस महिनोन्महिने हेलपाटे घालतो. म्हणून क्रमाने पाहू.

पहिली पायरी, जमातीचा दाखला. महाराष्ट्रात यासाठी २००० सालचा जात प्रमाणपत्र कायदा आहे. दाखला उपविभागीय अधिकारी देतो आणि अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून करता येतो. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. घाटकोपर आणि मुलुंड हे कुर्ला तालुक्यात येतात. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख महत्त्वाची आहे. त्या दिवशी कुटुंब कोठे राहत होते, याचा पुरावा मागितला जातो. डहाणू, जव्हार किंवा तलासरीकडून नंतर मुंबईत आलेल्या कुटुंबाला त्याचा पुरावा मूळ तालुक्यातच शोधावा लागतो. पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून जुन्या कागदांवर ‘जिल्हा ठाणे’ असेल, याने गोंधळू नये.

दाखल्यानंतर तपासणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र घेणे चांगले. केंद्राच्या खरेदीत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला पाहिला जातो, तरीही मोठे काम मिळण्याआधी वैधता हातात असलेली बरी. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महा आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात सांगितले की चालीरीतींची प्रश्नोत्तरे हीच एकमेव कसोटी नव्हे. जुन्या कागदांचे, विशेषतः १९५० पूर्वीच्या कागदांचे वजन मोठे असते. जुन्या मिशन शाळांची दाखलपुस्तके आणि जुन्या मंडळ्यांच्या बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदी वंशावळ जुळवायला उपयोगी पडू शकतात. ज्यांच्या कपाटांत अशी पुस्तके आहेत, त्यांनी ती वाळवीपासून वाचवावीत आणि कोणी उतारा मागितला तर विनाविलंब द्यावा.

दुसरी पायरी, पॅन आणि बँक खाते. उद्योगाचे पैसे घरखर्चाच्या खात्यात येऊ नयेत. गट असेल तर खात्यावर दोन सह्या असाव्यात.

तिसरी पायरी, उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची नोंदणी याच नावाने होते. आधार आणि पॅन लागतो, कागद अपलोड करावे लागत नाहीत, आणि शुल्क शून्य आहे. घराच्या मालकीचा कागद विचारला जात नाही, हे पाड्यावरच्या माणसाला मोठेच सोयीचे आहे, कारण तो कागद बहुतेकांजवळ नसतो. वैयक्तिक मालकीखेरीज भागीदारी, सहकारी संस्था आणि बचत गट यांनाही नोंदणी करता येते. सरकारी पोर्टलसारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे ‘नोंदणी शुल्क’ म्हणून हजार-दोन हजार रुपये घेतात. एक रुपयाही देऊ नये. अर्जात सामाजिक प्रवर्गाचा रकाना असतो, तिथे अनुसूचित जमात हे निवडायला विसरू नये. १ एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादेप्रमाणे यंत्रसामग्रीत अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. पाड्यावरचा प्रत्येक उद्योग यात सहज बसतो.

चौथी पायरी, जेम पोर्टल. सरकारी खरेदीचा हा ऑनलाइन बाजार ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाला. केंद्राच्या कार्यालयांना तिथे उपलब्ध असलेल्या वस्तू व सेवा तिथूनच घ्याव्या लागतात. विक्रेता म्हणून नाव नोंदवताना उद्यम क्रमांक जोडावा. वस्तूंची छायाचित्रे, मापे, वजन, पोहोचवण्याची मुदत हे सारे नीट भरावे लागते. इथे इंग्रजी वाचणाऱ्या आणि संगणक चालवणाऱ्या माणसाची गरज पडते.

मदत कोठे मिळेल? अंधेरी-कुर्ला रस्त्यावर साकीनाका इथे केंद्राचे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कार्यालय आहे. राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ ही १९५५ सालची संस्था ‘एकल नोंदणी’ देते, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती केंद्र याच महामंडळामार्फत चालते. प्रशिक्षण, काही शुल्कांवर सूट, आणि बँकेच्या कर्जातून यंत्रे घेतल्यास किमतीच्या २५ टक्के अनुदान अशा योजना या केंद्राकडे आहेत. भांडवलासाठी आपल्या राज्याचे शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ आहे. राष्ट्रीय अनुसूचित जमाती वित्त व विकास महामंडळाची आदिवासी महिलांसाठी वेगळी योजना आहे. तिच्यात दोन लाखांपर्यंतच्या कामाला खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज दरसाल ४ टक्के व्याजाने मिळते.

एक हिशेब

समजा, एका सरकारी कंपनीला समारंभासाठी लाकडी चौकटीत बसवलेली ४०० वारली चित्रे हवी आहेत. पाड्यावरच्या पाच बहिणींच्या गटाने नगाला ५६० रुपये दर भरला. सूक्ष्म-लघु वर्गात न बसणाऱ्या एका मोठ्या पुरवठादाराने ५०० रुपये भरला आणि तो सर्वांत कमी ठरला. एरवी इथेच गोष्ट संपली असती. धोरण मात्र असे सांगते की सर्वांत कमी दराच्या वर १५ टक्क्यांपर्यंत दर भरणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगाने आपला दर त्या कमी दरापर्यंत खाली आणला, तर त्याला निदान २५ टक्के माल पुरवू द्यावा. ५०० च्या वर १५ टक्के म्हणजे ५७५. गट ५६० वर आहे, म्हणजे मर्यादेत आहे. त्याला १०० चित्रे ५०० रुपयांच्या दराने देण्याची संधी मिळेल. असे आणखी उद्योग त्या मर्यादेत असतील तर हे काम त्यांच्यात वाटले जाईल. गटाने ५९० भरले असते तर ही संधीच मिळाली नसती.

आता बहिणींनी ‘हो’ म्हणण्यापूर्वी वही उघडायला हवी. चौकट आणि काच २१० रुपये, कागद व रंग ४० रुपये, बांधणी व पोहोचवणे ५० रुपये, चित्र काढणारीची मजुरी १८० रुपये. एकूण ४८० रुपये. नगामागे २० रुपये उरतात, शंभर नगांचे २,००० रुपये. नफा थोडा आहे, पण मजुरीचे १८,००० रुपये घरांत जातात आणि ‘सरकारी कंपनीला माल पुरवला’ ही नोंद पदरी पडते. खर्च ५१० रुपये येत असता तर शंभर नगांवर हजार रुपयांचा तोटा झाला असता, आणि तेव्हा नम्रपणे नाही म्हणणे शहाणपणाचे ठरले असते. संधी मिळाली म्हणून ती घेतलीच पाहिजे असे नाही.

याच हिशेबात दुसरी गोष्ट दडली आहे. ४०० चित्रांचे अंदाजे मोल दोन लाख रुपये. बयाणा साधारणपणे २ ते ५ टक्के असतो, म्हणजे ४,००० ते १०,००० रुपये. ते माफ झाले. मात्र काम मिळाल्यावरची सुरक्षा अनामत माफ होईलच असे नाही, निविदेत पाहावे. शिवाय पैसे हाती येण्याआधी चौकटी, रंग, वाहतूक आणि मजुरी मिळून ४८,००० रुपये घालावे लागतील. पाड्यावरच्या गटाकडे एवढी रक्कम नसते. मग सावकार येतो, आणि दरमहा शेकडा पाचने घेतलेले ४८,००० रुपये पहिल्याच महिन्यात २,४०० रुपये व्याज मागतात. सारा नफा व्याजातच बुडाला. प्रमाणपत्र मिळूनही गरीब माणूस या बाजारात टिकत नाही, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

नाव उसने देऊ नये

जिथे राखीव वाटा असतो तिथे नाव वापरणारेही येतात. पाड्यावर एखादा ठेकेदार येतो आणि म्हणतो, ‘तुझ्या नावावर नोंदणी करू. तू फक्त सही कर, अंगठा दे, महिन्याला पाच हजार घरपोच.’ ज्याच्या घरी दुपारची चूल पेटण्याची खात्री नाही, त्याला हे देवदूताचे बोल वाटतात.

पण कागदावर मालक तोच असतो. वैयक्तिक मालकीच्या उद्योगात उद्योगाचे कर्ज हे मालकाचे स्वतःचे कर्ज असते. जीएसटी थकला, माल निकृष्ट निघाला, मजुरांचा भविष्य निर्वाह निधी भरला नाही, तर नोटीस पाड्यावर येते, ठेकेदाराच्या बंगल्यावर जात नाही. काळ्या यादीत नाव गेले की उद्या स्वतःचा खरा धंदा करायची वाटही बंद होते. खोट्या माहितीवर जमातीचा दाखला मिळवणाऱ्याला तर राज्याच्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षे कैदेची तरतूद आहे आणि मिळालेले लाभही काढून घेतले जातात.

हा रोग आपल्याकडेच आहे असे नाही. ऑस्ट्रेलियात २०१५ पासून तिथल्या मूळ रहिवाशांच्या उद्योगांकडून सरकारी खरेदी करण्याचे धोरण आहे. नाव त्यांचे आणि कारभार दुसऱ्याचा, या प्रकाराला तिथे ‘ब्लॅक क्लॅडिंग’ असा शब्दच रूढ झाला आहे. अमेरिकेत ‘आठ-अ’ नावाची योजना आहे. तिथेही मागास गटातील मालकाचा हिस्सा निदान ५१ टक्के लागतो. त्याखेरीज रोजचा कारभारही त्याच्याच हाती आहे का, हे तपासले जाते, आणि योजनेचा लाभ नऊ वर्षांपुरताच असतो. त्या मुदतीत माणसाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, ही त्यामागची अपेक्षा.

आपण पाड्यावर जाताना चार साधे प्रश्न विचारावेत. चेकबुक कोणाकडे आहे? पोर्टलचा पासवर्ड आणि मोबाइल क्रमांक कोणाचा आहे? दर कोणी ठरवला? नफा कोणत्या खात्यात गेला? चारही उत्तरे मालकाकडे बोट दाखवत असतील तर उद्योग खरा. आणि हे प्रश्न संस्थेनेही स्वतःला विचारावेत. मंडळीने किंवा संस्थेने चांगल्या हेतूने जरी एखाद्या बहिणीच्या नावावर सारा कारभार स्वतः चालवला, तरी ती उसनवारीच झाली.

पैसे वेळेवर

मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये, असा नियम लेवीयच्या १९व्या अध्यायात आहे. त्याचे आजचे कायदेशीर रूप म्हणावे अशी तरतूद २००६ च्या कायद्यात सापडते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे कराराप्रमाणे, पण कोणत्याही परिस्थितीत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते. दाद मागण्यासाठी राज्यात सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदा आहेत, आणि ऑनलाइन तक्रार करता येते. ही ढाल हाती हवी असेल तर उद्यम नोंदणी माल देण्यापूर्वी झालेली असावी. भांडण झाल्यावर नोंदणी करू म्हणणारा अडचणीत येतो.

ही तरतूद सरकारी खरेदीदारापुरती नाही. खासगी खरेदीदारालाही ती लागू आहे. म्हणून आपल्यापैकी ज्यांचे अंधेरीत कारखाने आहेत, घाटकोपरला छापखाने किंवा मुलुंडला कार्यालये आहेत, त्यांनी आपली वही पाहावी. आयकर कायद्यानेही २०२३-२४ या वर्षापासून अशा पुरवठादारांचे मुदतीबाहेर थकवलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाहीत. पाड्याला देणगी देणारा हात आपल्याच छोट्या पुरवठादाराचे बिल तीन महिने थकवत असेल, तर ती देणगी कोणाच्या पैशाची, याचा विचार करावा लागेल.

मंडळी काय करू शकते

मध्य रेल्वेने आसनगावला उतरले की शहापूर जवळच आहे. तिथल्या कातकरी तरुणांनी आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेमार्फत गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना पुरवली. २०१८ साली सुरू झालेल्या वनधन योजनेचा आणि ट्रायफेड या केंद्राच्या संस्थेचा त्यांना आधार मिळाला. हा व्यवहार खासगी कंपन्यांशी होता, तरी त्यातला धडा आपल्या विषयाला लागू पडतो. एकट्या माणसाकडून कंपनी दोन टोपल्या गुळवेल घेत नाही. नोंदणी झालेली संस्था, ठरलेला दर्जा आणि वेळेवर पुरवठा असला की मोठा गिऱ्हाईक दारात येतो.

आपल्या हातून होण्याजोग्या गोष्टी लहान आहेत. मंडळीतील निवृत्त बँक कर्मचारी, लेखापाल, वकील यांनी महिन्यातून एक शनिवार पाड्यासाठी द्यावा आणि कागदांची कामे पाड्यावरच बसून करावीत, म्हणजे मजुरी बुडणार नाही. संगणक येणाऱ्या तरुणांनी पाड्यावरच्याच एका मुलीला किंवा मुलाला जेम पोर्टल शिकवावे, आणि सहा महिन्यांत आपण बाजूला व्हावे. देणगीतील थोडा भाग फिरता निधी म्हणून ठेवावा. खरेदीचा आदेश हाती असलेल्या गटाला त्यातून बिनव्याजी रक्कम द्यावी आणि बिल आले की ती परत घ्यावी. वर पाहिलेल्या उदाहरणातील ४८,००० रुपये असे वर्षातून चार गटांना पुरतील, आणि वर्षअखेर निधी तसाच राहील. रेल्वेत, रिफायनरीत, खत कारखान्यात, माझगाव गोदीत नोकरी करणाऱ्या आपल्या सभासदांनी खरेदी विभागात ४ टक्क्यांच्या उद्दिष्टाची चौकशी करावी. कोणासाठी शब्द टाकू नये, नियम वाकवायला सांगू नये. निविदा कधी निघते आणि पुरवठादारांचे मेळावे कधी भरतात, एवढी माहिती पाड्यापर्यंत पोहोचवली तरी पुष्कळ झाले.

आणि एक सावधगिरी. प्रत्येक गटाने सरकारी पुरवठादार व्हावे असे नाही. ज्यांना महिन्याला वीसच चित्रे जमतात त्यांनी वीसच करावीत आणि चांगल्या दराने विकावीत. आपले काम हक्काची माहिती पोहोचवणे आणि वाट दाखवणे. त्या वाटेने जायचे की नाही, हे पाड्यावरच्या बंधुभगिनींनीच ठरवायचे आहे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीच्या संपर्कातील पाड्यावर किती जणांकडे जमातीचा दाखला आहे? ज्यांच्याकडे नाही, त्यांची अडचण नेमकी कोणत्या कागदाची आहे?

२. आपल्या मंडळीच्या किंवा जुन्या मिशन शाळेच्या नोंदवह्या आज कोठे व कोणत्या स्थितीत आहेत?

३. लेखातील हिशेब आपल्या ओळखीच्या एका गटाच्या वस्तूवर करून पाहा. तोटा न होता किती खालचा दर देता येईल?

४. आपण चालवत असलेल्या प्रकल्पांत चेकबुक, पासवर्ड आणि दर ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

५. आपल्या स्वतःच्या व्यवसायात छोट्या पुरवठादारांची कोणती बिले ४५ दिवसांपलीकडे थकली आहेत? ती कोणत्या तारखेला देणार?